‘दिलो’ म्हणजे पाणी

व्हिक्टोरिया, माहे बेट, सेशेल्स
रविवार, संध्याकाळ

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, “तिथं आपलं काही मिळतं का गं?” आणि मी तोंड उघडायच्या आत लाइन गेली. बाबांना तर फोनवर माझं निम्मंच ऐकू येतं, उरलेलं निम्मं ते स्वतःच रचतात. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढते आहे, भिंगाशिवाय वाचता येईल.

आज रविवार. इथं रविवारी राजधानी बंद असते. अगदी कुलूप लावून घरी गेल्यासारखी. सकाळी फिरायला निघाले तर चर्चला जाणारी माणसं तेवढी रस्त्यावर. पांढरे कपडे, बायकांच्या टोप्या, मुलींचे इस्त्रीचे फ्रॉक. दुकानं बंद, बाजार बंद. अख्ख्या गावाची वस्ती पंचवीस-सव्वीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण वकिलाती, संसद, दोन कॅथीड्रल, सगळं आहे. चालत अर्ध्या तासात संपतं. मागे लगेच डोंगर उभा राहतो, हिरवा आणि मधूनच काळ्या कातळाचा.

बाबा, त्या कातळाबद्दल तुम्हाला सांगायचंच आहे. महासागराच्या मधोमध असलेली बेटं बहुतेक ज्वालामुखीची किंवा पोवळ्याची, असं तुम्ही नववीत शिकवलं होतं. हे बेट ग्रॅनाइटचं आहे. कारण हा भारताचाच तुकडा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमाराला, हा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला. भारत वर सरकत आशियाला जाऊन धडकला आणि हा इथंच मागे राहिला. विमानातून उतरताना मी खिडकीला नाक लावून बसले होते. शेजारचं नवविवाहित जोडपं पाण्याचा रंग बघत होतं आणि मी सह्याद्रीचा सोडून गेलेला भाऊ शोधत होते. तुमचीच शिकवण.

मुंबईहून थेट विमानानं साडेचार-पाच तास लागतात. घड्याळ दीड तास मागे. विमानतळ १९७१ मध्ये सुरू झाला. त्याआधी यायचं तर मुंबईहून मोंबासाला जाणारी आगबोट वाटेत इथं थांबायची. पासपोर्टवर जो शिक्का मारतात त्याचा आकार दर्याच्या नारळाचा. आई, तुला आठवतो? आजीच्या फडताळात काळ्या करवंटीचा तुकडा असायचा, पोट दुखलं की सहाणेवर उगाळून चाटवायची. तोच. पूर्वी त्याच्या करवंट्या लाटांबरोबर वाहत आपल्या किनाऱ्याला लागायच्या आणि लोकांना वाटायचं, हा माड समुद्राच्या तळाशी उगवतो. झाड मात्र या देशातल्या दोनच बेटांवर आपसूक वाढतं, प्रालँ आणि क्युरियूझ. इथल्या वनस्पती उद्यानात लावलेली झाडं मी पाहिली. नर वेगळा, मादी वेगळी. जगातलं सर्वांत मोठं बी. माळ्यानं एक हातात दिलं तर मला धड उचलवेना. जवळच कुंपणात मोठाली कासवं होती. एकाची मान खाजवली तर ते पाय ताठ करून उभंच राहिलं. बाबा पाठ चोळून घेताना राहतात तसं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. काल शनिवारी सकाळी बाजारात गेले. क्लॉक टॉवरवरून जायचं, इथले लोक त्याला ‘लोर्लोझ’ म्हणतात. चंदेरी रंगाचा छोटासा घड्याळाचा मनोरा, लंडनमधल्या एका मनोऱ्याची नक्कल, १९०३ चा. पर्यटक त्याच्याबरोबर फोटो काढतात. मला तो कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उचलून चौकात ठेवल्यासारखा वाटला. पण बाजार! बाजार १८४० पासूनचा. मासळीच्या ओट्यांवर तांबोशी, सुरमई, ट्युना, ऑक्टोपस, आणि ओट्याच्या कडेवर पांढरे गायबगळे ऐटीत उभे, कापलेल्या तुकड्यांवर डोळा ठेवून. त्यांना इथं ‘मादाम पातों’ म्हणतात. कोळीण हाकलते, ते दोन पावलं सरकतात, पुन्हा येतात. आपल्या बंदरावर मांजरांचं जे चालतं तेच.

भाजीच्या बाजूला गेले आणि तू हवी होतीस असं झालं. नीरफणस! त्याला ‘फ्रियापें’ म्हणतात, काप तळतात, आपल्यासारखेच, फक्त रवा लावत नाहीत. बिंबलं ढिगानं, तीही नावासकट ‘बिलेंबी’. वांगं ‘ब्रेंझेल’, चटणी ‘सातिनी’, मसाला तर मसालाच. शेवग्याचा पाला जुड्या बांधून. एका बाईकडे कढीपत्ता दिसला, मी बोट दाखवलं तर म्हणाली, “कारिपिले.” म्हणजे तमिळ करिवेप्पिलै. मी उत्साहानं सांगायला गेले की हे आमच्याकडचं. ती हसली आणि म्हणाली, नाही, हे आमचं, माझ्या आजीनं लावलंय.

मी गप्प बसले. काय बोलणार! दालचिनी घेतली, जरा महागच पडली. (इथलाही रुपयाच आहे, पण आपले सहाएक द्यावेत तेव्हा यांचा एक होतो.)

तर आई, मिळतं. बहुतेक सगळं मिळतं. फक्त ‘आपलं’ म्हणून मिळत नाही.

त्यामागचं कारण असं की या बेटावर मुळातला असा माणूसच नाही. १७७० मध्ये पहिली वस्ती झाली, समोरच्या सेंत आन बेटावर. थोडे फ्रेंच, त्यांचे आफ्रिकी गुलाम आणि चारदोन हिंदी माणसं. म्हणजे पहिल्याच बोटीत आपण होतो. मग मॉरिशसहून आणखी मळेवाले आले, आणखी गुलाम आणले. १८१४ च्या तहानं बेटं इंग्रजांकडे गेली, १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे इंग्रजांच्या नौदलानं अरबांच्या गलबतांवर पकडलेली आफ्रिकी माणसं सोडवून इथं आणून उतरवली. नंतर तमिळ, गुजराती आणि चिनी दुकानदार. पाट्यांवर पिल्ले, चेट्टी, नायडू वाचायला मिळतं आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तमिळचा एक शब्द येत नाही. २०२० ते २०२५ इथे राष्ट्राध्यक्ष असलेले रामकलावन अँग्लिकन धर्मगुरू, पणजोबा बिहारचे. मराठी माणूस मात्र मला अजून एकही भेटलेला नाही.

गणपती भेटला. किन्सी रस्त्यावर नवशक्ती विनायगर मंदिर आहे, १९९२ चं, रंगीत गोपुर, आतले पुजारी तमिळ. आज सकाळी सगळं गाव बंद असताना तिथंच जाऊन बसले. तुझ्या नावानं नारळ फोडायला दिला. ऑफिसातली एक मुलगी, कॅथलिक, म्हणाली की परीक्षेच्या आधी तीही तिथे जाते, आणि चर्चमध्ये मेणबत्तीही लावते. दोन्हीकडे सांगितलेलं बरं, म्हणाली.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. जरा सावकाश वाचा.

मी ज्यांना सॉफ्टवेअर शिकवायला आले आहे त्या ऑफिसात माझ्याशी सगळे इंग्रजीत बोलतात, साहेबांची सही फ्रेंच वळणाची, आणि आपसात बोलतात ते क्रेओल. पहिल्या दिवशी मला ती मोडकी फ्रेंच वाटली. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच केलेल्या माणसाचा तोरा असतो ना, तो. गुलामांना मालकाची भाषा कानावर पडेल तशी उचलावी लागली, त्यात आफ्रिकेचं आणि हिंदुस्थानचं मिसळलं, आणि त्यातून ही झाली. फ्रेंचमधली उपपदं शब्दाला अशी चिकटली की सुटतच नाहीत. पाणी म्हणजे ‘दिलो’, त्यात फ्रेंच ‘द लो’ अख्खं बसलंय. पक्षी ‘झ्वाझो’. अननस ‘झानानान’! क्रियापद बदलत नाही: ‘मों मांझे’ म्हणजे मी खाते, ‘मों ती मांझे’ खाल्लं, ‘मों पू मांझे’ खाईन. तुम्ही व्याकरणाच्या तासाला फळ्यावर मांडलं असतंत तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या, इतकं सोपं आणि इतकं बांधेसूद.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांना शाळेत क्रेओल बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. घरी आई क्रेओल, शाळेत फ्रेंच नि इंग्रजी. त्या सांगत होत्या, मी लहानपणी फार कमी बोलायचे, लोकांना वाटायचं मुलगी मंद आहे. मला फक्त चुकायचं नव्हतं. स्वातंत्र्य आलं १९७६ मध्ये. त्यानंतर १९८१ मध्ये क्रेओल राष्ट्राची भाषा झाली आणि पुढच्या वर्षापासून प्राथमिक शाळेत आली. आता संसदेत तीच चालते, राष्ट्रगीत तिच्यात आहे, दर ऑक्टोबरात तिचा उत्सव असतो. बाईंच्या नातवाला पहिलं अक्षर त्याच भाषेत शिकवलं. हे सांगताना त्या संगणकाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

बाबा, ओवी तुमच्याशी फोनवर हल्ली का बोलत नाही, हे तुम्ही आईला विचारलंत असं कळलं. ती अभ्यासात असते असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. दिवाळीत ती तुम्हाला सांगत होती की “आजोबा, मी माझं कपाट सॉर्ट केलं”, आणि तुम्ही म्हणालात, “लावलं म्हण.” मग “मी एक्साइट झाले”, मग “माझी मदत केली”. दर वाक्याला तुम्ही थांबवलंत. ती मांजराच्या पिल्लांची गोष्ट सांगायला आली होती. ती गोष्ट तशीच राहिली. पुण्याला परतताना गाडीत मला म्हणाली, “मला आजोबांशी बोलायला वेळ लागतो, आधी मनात चेक करावं लागतं.” आठ वर्षांची पोर.

तुम्ही चुकीचं सांगत नव्हतात. पण चावी, बादली, साबण, पगार हे तुमच्या तोंडचे शब्द पोर्तुगिजांचे आणि जमीन, खर्च, तारीख फारसीचे, हे मला तुम्हीच शिकवलंत. तेव्हा कुणीतरी कुणाच्या तरी नातीला थांबवलंच असेल.

आणि आणखी एक. तुम्ही आजीशी मालवणीत बोलायचात. फक्त तिच्याशीच. आम्ही ‘माका’ म्हटलं की “मला म्हण, शाळेत हसतील”. मी आणि दादा ‘मला’ म्हणायला शिकलो, हसलं कुणी नाही. पण आजीच्या पडवीत बसून तिच्याशी आम्ही धड बोललो कधी? ती काही सांगायची, आम्ही हो हो म्हणायचो. ती गेल्यावर आपल्या घरात ती भाषा कुणी बोललंच नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुम्हाला कधी चुकल्यासारखं वाटतं का, हे विचारायचं मला आजवर धाडस झालं नव्हतं. इतक्या लांबून विचारते आहे.

असो. रागावला असाल तर पुढचा भाग आईला वाचायला द्या.

आई, बुधवारी संध्याकाळी डोंगरापलीकडे बो वालोंच्या पुळणीवर बाजार भरतो, बसनं वीसेक मिनिटं. बस टाटाची, आणि घाटात चालवतो तो आपल्या एस.टी.वाल्यांचा बाप. किनाऱ्याला उंडीची झाडं, इथलं नाव ‘ताकामाका’. खाली तशीच गोल फळं पडलेली. बांगड्याचं जाळं आलं की विकणारा रस्त्याच्या कडेला उभा राहून चक्क शंख फुंकतो! मला वाटलं आरती सुरू झाली. बांगडे एका दोरीत ओवून गाथण करून देतात. नंतर ‘मूत्या’ झाला. मोठे चपटे ढोल, आपल्याकडे डफ शेकवतात तसे जाळावर शेकवायचे, मग संथ ठेका. मळ्यावरचे गुलाम रात्री लपून नाचायचे तो हा नाच. आता २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एक म्हातारी, तुझ्याएवढी असेल, हात कमरेवर ठेवून इतकी छान हलत होती की मला उठावंसं वाटलं. उठले नाही. नंतर चुटपुट लागली.

खाण्याचं म्हणशील तर ‘लादोब’ तुला आवडेल: केळं नाहीतर नीरफणस, नारळाचं दूध, गूळ नव्हे साखर, जायफळ, व्हॅनिला. आपल्या रसातल्या शेवयांची चुलतबहीण. शार्कची चटणी मात्र मी दुसऱ्यांदा घेतली नाही. म्हणतात, इथला नीरफणस खाल्ला की माणूस परत येतो. मी भरपूर खाल्ला आहे. तुम्हा दोघांचे पासपोर्ट काढायचं दादाला सांगते. गुडघ्याचं कारण चालणार नाही, हे अर्ध्या तासाचं गाव आहे.

पोस्ट लोर्लोझच्या शेजारीच आहे, उद्या टाकते. बहुधा मी घरी आधी पोचेन आणि हे मागून येईल. शनिवारी मुंबई, पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं ओवीला घेऊन कुडाळ. तिला फोनवर क्रेओलचे दोन शब्द शिकवलेत, ते ती तुम्हाला विचारणार आहे. उत्तर येत असलं तरी सांगू नका. पिल्लांची गोष्टही होईल, ती लांब आहे. मध्ये काही खटकलं तर वहीत टिपून ठेवा आणि रात्री मला दाखवा.

बाबा, पाकिटावरची तिकिटं वाफेवर सोडवा, फाडू नका. एकावर कासव मिळालं तर बघते.

तुमची,
मेधा