नाना, हात लागला होता

तीर्थस्वरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तुमचं मैदानावर येणं बंद झालंय, असं आई फोनवर म्हणाली. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. घरी येऊन तुमच्या पाया पडले असते तरी चाललं असतं. पण त्या दिवशी माझं कौतुक लाउडस्पीकरवरून झालं होतं, तेव्हा आभारही चारचौघांतच मानते.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. नाना गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावचे, एसटीत कंडक्टर होते. ड्युटी संपली की खाकी शर्टातच थेट मळ्यात यायचे. भात कापून झालं की दिवाळीनंतर तिथेच आमचं मैदान व्हायचं. मुलींची कबड्डी म्हटल्यावर गाव सहजी कसं तयार होणार? नाना, तुम्ही एकेका घराच्या पडवीत जाऊन बसलात. आधी आयांशी बोललात, मग वडिलांशी. "दारापर्यंत मी स्वतः आणून सोडीन," एवढाच शब्द दिलात. मग रोज बॅटरी घेऊन शेवटच्या वाडीपर्यंत यायचात, पार माझ्या दहावीपर्यंत.

मैदान आखायची पाळी सगळ्यांना. होडीवरची ती निळी नायलॉनची दोरी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. मध्यरेषेपासून 3 मीटरवर पहिली गाठ निदानरेषेची, 4 मीटरवर बोनसरेषेची, 6 मीटरवर अंतिम रेषेची. रेषा आखायची पांढरी फक्की संपली की कुणाच्या तरी चुलीतली राख यायची. कप्तानाची पाळी असली आणि तिला उशीर झाला, तर आम्ही अकरा जणी बसून राहायचो, सराव सुरू व्हायचा नाही. सात खेळतात नि पाच बाहेर बसतात, हे तुम्ही कधी आमच्या डोक्यात बसू दिलं नाहीत. समोरची कोणता पाय आधी टाकते, दम कुठे तुटतो, चढाईच्या तीस सेकंदांतले किती सेकंद ती नुसती रेंगाळते, हे राखीव मुलींनी बघायचं आणि मध्यंतरात आधी त्यांनी बोलायचं. माझ्या कितीतरी पकडी त्या पाच जणींच्या डोळ्यांमुळे झाल्या.

पावसाळ्यात मळ्यात गुडघाभर पाणी. पण 15 जुलै तुम्ही कधी चुकवला नाहीत. कबड्डीमहर्षी शंकरराव (बुवा) साळवींचा जन्मदिवस, आपला कबड्डी दिन. देवळाच्या सभामंडपात, कौलांवर पाऊस कोसळत असताना, 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी कशी खेळली गेली, ते तुम्ही सांगायचात. 2010 मध्ये ग्वांगझूला महिलांची कबड्डी आली आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं, तेव्हा पेपरातलं कात्रण तुम्ही आमच्यातल्या सगळ्यात लहान राखीव पोरीला मोठ्यानं वाचायला लावलंत. वाचताना ती रडली होती.

आता साखळीचं, म्हणजे बचावात एकमेकींचा हात धरून उभं राहण्याचं. मी डावा कोपरा सांभाळायचे. शेजारी तुम्ही जाणूनबुजून तिलाच उभी केलीत, जिच्या घराशी आमचं गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. पहिले काही दिवस आम्ही नुसती बोटं अडकवायचो. चढाईवाली रोज त्याच फटीतून निसटायची. तुम्ही रागावला नाहीत, रोज आम्हा दोघींनाच पुन्हा उभं करायचात. मोठ्यांचं भांडण मिटलं नाही, अजूनही नाही. पण आमचे हात घट्ट झाले.

म्हणूनच त्या अंतिम सामन्यात तिला कळलं. परत फिरताना समोरच्या मुलीच्या बोटांची टोकं माझ्या गुडघ्याला लागली आणि मी दचकले, ते तिला माझ्या हातातून समजलं. हात लागला म्हणजे मी बाद, पण पंचांना दिसलं नाही. त्या मुलीनं हात वर करून गुणाची मागणी केली, पंचांनी नकारार्थी मान हलवली. मी जागची हलले नाही. पुढच्याच चढाईला मी चवडा धरून पकड केली, आपण चार गुणांनी जिंकलो आणि उत्कृष्ट पकडीसाठी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. दोन आठवडे मला त्याच कोपऱ्यात खेळवलंत. घरात ते घड्याळ बघवेना. शेवटी एका संध्याकाळी, सगळ्या गोल बसलेल्या असताना, मीच सांगून टाकलं. पोरी म्हणाल्या, चार गुणांनी जिंकलो, एका गुणानं काय होणार होतं? तुम्ही काठीनं मातीत रेघा ओढल्यात. "त्यांना एक गुण. आपली एक बाहेर. त्यांची बाद झालेली एक आत. आणि पुढची पकड करायला ही कोपऱ्यात नाहीच." कुणी काही बोललं नाही.

"तुम्हाला दिसलं होतं, मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"हात तुझ्या गुडघ्याला लागला होता गो, माझ्या नाही."

पुढच्या रविवारी मी आणि गडग्यापलीकडची ती, दोघी त्या मुलीच्या गावी गेलो. गाडी तुमचीच होती. तुम्ही आमची दोन तिकिटं फाडलीत, पैसे मोजून घेतलेत आणि उतरताना फक्त "परतीची साडेचारला आहे" म्हणालात. त्या मुलीनं ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," म्हणाली. घड्याळ काही तिनं घेतलं नाही. तिच्या आईनं आम्हाला कोकम सरबत दिलं, आणि साडेचारपर्यंत आम्ही तिघी तिच्याच अंगणात खेळलो.

नाना, तुम्ही त्या दिवशी मैदानावर ओरडला असतात, तर मी तुम्हाला घाबरले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. तुम्ही दोन आठवडे थांबलात. आज शाळेत मुलींना शिकवताना मला कळतं, असं थांबणं किती अवघड आहे. दिसलेली चूक तोंडावर येते, जीभ चावावी लागते. ते थांबणं तुम्ही माझ्यासाठी सोसलंत, त्याचे हे आभार.

शिमग्याला घरी येतेय. जुनी दोरी झिजली असेल, म्हणून बंदरावरून नवी निळी घेतली आहे. गाठी मात्र तुम्हीच मारा, ओटीवर बसून. आखायला मी आणि ती जाऊ.

तुमची,
डावा कोपरा