गावच्या घराच्या नकाशाविषयी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला घराचा नकाशा मिळाला. तुम्ही दोघांनी पुणे सोडून गावी कायमचे राहायला यायचे ठरवले, त्यामुळे तुझी आई किती आनंदात आहे ते मी वेगळे सांगायला नको. आर्किटेक्टने काम देखणे केले आहे, पण तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडून वर दोन मजले चढवण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. तो का, हे फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

परवा बोलताना तू म्हणालास की पाटण तालुक्यात जमीन नेहमीच हलते आणि छोटे धक्के बसत राहतात तोवर मोठ्याची भीती नसते, कारण आतला जोर थोडाथोडा निघून जातो. हे मी लहानपणापासून पारावर ऐकत आलो आहे. रात्री दूर गडगडल्यासारखा आवाज यावा, मांडणीवरची भांडी वाजावीत, कोणीतरी कुशीवर वळताना 'आला बघ' म्हणावे आणि पुन्हा झोपावे, इतकी आपल्याला या धक्क्यांची सवय झाली आहे. पण हिशोब करून पाहा. भूकंपाच्या तीव्रतेत एका अंकाचा फरक असला की बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींचा फरक पडतो, म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतका जोर निघून जायला ४ तीव्रतेचे हजारभर धक्के बसावे लागतील. कोयना धरणात पाणी अडवायला लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या सुमारापासून, कोयना-वारणा भागात लहानमोठे लाखाहून अधिक धक्के नोंदले गेले, पण त्यांत ४ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे दोनशेच्या आसपासच आहेत. तेव्हा त्या भांडी वाजवणाऱ्या धक्क्यांवर विसंबून घर बांधणे मला पटत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जो भूकंप झाला तो ६.३ तीव्रतेचा होता. मी तेव्हा पहिलीत होतो. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि एकशेतीन मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले, जे नंतर आधार देऊन मजबूत करावे लागले. जलाशयाचे वजन आणि खडकाच्या फटींतून खोलवर झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांमुळे मुळातच ताणाखाली असलेले भ्रंश, म्हणजे खडकातल्या खोल भेगा, सरकतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. पावसाळ्यात धरण भरल्यानंतर धक्के वाढतात ते यामुळेच. ही जमीन आपण बदलू शकत नाही आणि धरणही कोठे जाणार नाही, त्यामुळे आपल्या हातात उरते ते फक्त घर. भूकंपग्रस्ताचा दाखला मिळवायला आपल्याकडे माणसे तहसील कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालतात, पण त्याच माणसांच्या नव्या बंगल्यांकडे पाहिले तर येथे कधी भूकंप झाला होता असे वाटू नये.

जुन्या स्वयंपाकघराची मागची भिंत तू पाहिली आहेस. तिला पोट आले आहे. जवळ जाऊन फटीत काठी घातलीस तर लक्षात येईल की ती एक भिंत नाही, दोन आहेत: बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये माती व कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड एकही नाही. तो दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फूट अंतरावर हवा होता. हादरा बसला की असे थर सुटतात आणि छप्पर खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या अशाच जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. आणि तो भाग भूकंपाच्या धोक्याच्या त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता. तेव्हा ती भिंत ठेवून तिला लागून नवी खोली काढायचा विचार सोडून दे.

आता तुझा मोकळा तळमजला. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींनी ताठपणा येतो आणि खाली नुसते खांब उरतात, त्यामुळे सगळा हेलकावा त्या खांबांच्या माथ्याशी आणि पायथ्याशी एकवटतो. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती बसल्या. त्यात आपली जागा उताराची, म्हणजे डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब होणार. आखूड खांब ताठ असतात, जास्त जोर ओढून घेतात आणि आधी तुटतात. गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी राहील. घर एकमजली, चौकोनी आणि आटोपशीर असू दे, आणि गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी, म्हणजे दोन टन वजन, खाली उतरव.

गवंडी आपल्या ओळखीचा आहे, हात चांगला आहे, पण खांबाच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके तो काटकोनात वळवून सोडतो. ती आत, काँक्रीटच्या गाभ्यात, एकशे पस्तीस अंशांत वळलेली हवीत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. खांबाच्या दोन्ही टोकांना रिंगा चार इंचांहून दूर नकोत. आउटहाउस दगडाचे करायचे असेल तर जोत्याला, दारे-खिडक्यांच्या माथ्याला आणि छपराखाली असा सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरला पाहिजे, आणि कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत दार किंवा खिडकी काढायची नाही. यासाठी फार पैसा लागतो असे नाही, पण काम चालू असताना कोणीतरी समोर उभे राहावे लागते. ते मी करीन.

जागेविषयी एकच सांगतो. घर बांधाच्या वरच्या अंगाला, कड्याखाली घेऊ नकोस. जुलै २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या त्या पावसाने, पण सैल झालेला डोंगर हादऱ्यानेही तितकाच सुटतो.

नकाशा बदलून घेतल्यावर त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घे आणि भूकंपाच्या धोक्याच्या २००२ च्या नकाशाप्रमाणे आपला भाग झोन चारमध्ये येतो हे त्याला आठवणीने सांग, कारण तो पुण्याच्या झोन तीनच्या हिशोबाने आकडे धरण्याची शक्यता आहे. गवंड्याला मी अक्षय्य तृतीयेला पाया खणायला सांगून ठेवले आहे. त्याआधी ती मागची भिंत उतरवून दगड बाजूला रचायचा आहे आणि त्याला आठ दिवस तरी लागतील, म्हणून नवा नकाशा होळीच्या आत पाठव. सौ. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझे,
बाबा