सातबारा माझ्याकडे

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर जरा वर, बस्स.

शनिवारी डरहॅमकडच्या स्टेनड्रॉप गावात पाऊस गाठला म्हणून चर्चमध्ये शिरलो. आत पांढऱ्या दगडात वेस्टमोरलँडचा पहिला अर्ल (म्हणजे तिकडचा बडा सरदार), रॅल्फ नेव्हिल, उताणा निजलाय. एका अंगाला एक बायको, दुसऱ्या अंगाला दुसरी. मला थेट आमचं माजघर दिसलं. मध्ये अण्णा, इकडे मोठी आई, तिकडे आई. तुला पुढचं सांगायला नको.

पहिली मार्गारेट स्टॅफर्ड. ती 1396 मध्ये गेली आणि गडी लगेच पुन्हा बोहल्यावर! दुसरी जोन ब्यूफर्ट, राजाच्या सख्ख्या काकाची मुलगी. दोघींची मिळून वीसवर पोरं. त्यांची लग्नं लावता लावता उत्तर इंग्लंडातलं एकही मोठं घराणं सोयरिकीतून सुटलं नाही. यॉर्कच्या पोरक्या ड्यूकचं पालकत्व तर याने तीन हजार मार्कला विकत घेतलं आणि आपली नऊ वर्षांची पोरगी सेसिली त्याच्याशी ठरवून टाकली. तिचे दोन मुलगे पुढे राजे झाले. आणखी एक मुलगी कॅथरिन, तिने साठी उलटल्यावर विशीतला चौथा नवरा केला. तुझ्या आत्याला कळवू नकोस, नाद लागेल.

पण मी थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. थोरल्या बायकोचा मोठा मुलगा बापाआधीच, 1420 मध्ये वारला. 1425 मध्ये रॅल्फ गेला तेव्हा अर्लपद त्या मुलाच्या मुलाला मिळालं, पण मिडलहॅम, शेरिफ हटन, पेनरिथ ही गब्बर इस्टेट बापाने आधीच जोनच्या पोरांच्या नावे करून ठेवलेली. नातू वर्षानुवर्षं भांडला. 1443 च्या तडजोडीत रेबीचा वाडा परत मिळाला, बाकी गेलं ते गेलं. 1461 मध्ये लँकेस्टर आणि यॉर्क ही घराणी राजगादीसाठी टाउटनला भिडली, तिथे थोरल्या घरचा जॉन लँकेस्टरकडून लढताना पडला, तेव्हा धाकट्या घरचा वॉरिक समोरच्या फौजेत होता. चुलतभावांचंच रक्त रे!

आमच्याकडे फौजा नाहीत, एवढंच. थोरलेपण दादाकडे, सातबारा माझ्याकडे. मागच्या महिन्यात नवा उतारा आला, त्यात दादाचं नावच नाही. एसटी स्टँडवर तू म्हणाला होतास, "तुझ्या आईने अण्णांकडून लिहून घेतलं." त्यावर मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही, आणि तुझे दोनशे रुपयेही बुडवले. आता वाटतं, लिहून घेतलं की नाही हा प्रश्नच नव्हता. कागद वाचून दाखवला तेव्हा मी गप्प बसलो, तेवढं मला पुरे आहे.

गंमत ऐक. त्या थडग्यावर जोनची मूर्ती आहे, पण ती स्वतः लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये आपल्या आईशेजारी आहे. आमची आई गणपतीनंतर मामाकडे गेली ती वाड्यात परतलीच नाही. म्हणते, दादाच्या खोलीचं कुलूप बघवत नाही.

अर्धी जमीन दादाच्या नावे करायची म्हणतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तुझी बदली झाली का? धाकटीचं बारावीचं काय? वहिनींना नमस्कार.

आणि दादाचा आत्ताचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव. माझ्याकडचा लागत नाही.

तुझा,
नान्या