सिस्टर, आईचा पदर तुम्हाला दिसला

सिस्टर,

आमच्याकडून तुम्ही चहासुद्धा घेत नाही, मग हे पत्र तरी घ्या.

आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला आणि कंबर, मांडी, बरगड्या रात्रंदिवस ठणकू लागल्या. मोठ्या रुग्णालयात शून्य ते दहामध्ये किती दुखतंय असं विचारायचे. आई दर वेळी ‘दोन’ म्हणायची. आमची झोपमोड नको, खर्च नको, म्हणून दोन. कागदावर दोन लिहिलं जायचं. मीच बोलायला लागले, तर “वय झालंय, एवढं चालायचंच” असं ऐकवून पुढचा पेशंट आत बोलावला. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हाड कमी दुखतं, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

तुम्ही घरी आलात आणि फाइल उघडायच्या आधी कॉटशेजारी खाली बसलात. आईच्या पदराचं टोक उचललंत. चावून चावून ते पार विरलं होतं. आम्ही रोज तिचं लुगडं धुवत होतो, पण ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. “आजी, हे रात्रीचं का हो?” एवढंच विचारलंत आणि तिचा हात हातात घेऊन थांबलात. आमच्याकडे पाहिलं नाहीत, घाई केली नाहीत. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “ओरडू नये म्हणून धरते गं तोंडात.” दुखण्याबद्दल ती पहिल्यांदाच खरं बोलली. त्या क्षणासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या त्या जोरदार वेदनाशामक औषधाचं, नाव काढताच आम्ही सगळे दचकलो होतो. ते शेवटच्या घटकेचं औषध नाही, वृद्धांना अगदी थोड्यापासून सुरू करतात, दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायचं आणि सोबत पोट साफ राहायचं औषध द्यायचंच, हे तुम्ही आम्हाला नाही, आईला समजावलंत. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणं फार अवघड करून ठेवलं होतं. २०१४च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, पण लिहून द्यायला कचरणारे हात अजून आहेत. त्यांनी एक रात्र आमच्या आईपाशी काढून पाहावी.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही, कूस बदलताना अजून कळ येते. पण आई आता सलग झोपते, नातवाशी भांडते, आमटी अळणी झाली की बोलून दाखवते. माणूस म्हातारा झाला तरी त्याच्याशी त्याच्याच दुखण्याबद्दल बोलावं, एवढी साधी माणुसकी आम्हाला किती दारं फिरल्यावर तुमच्याकडे मिळाली! तुमच्यासारखी माणसं वाडी-वस्तीपर्यंत पोचायला हवीत.

पुढच्या खेपेला जेवूनच जायचं आहे. भाकरी-पिठलं करायचं, असं आईने मला आत्ताच बजावलंय.

तुमच्या आजींची लेक