तासभर गप्प

बर्मिंगहॅम, रविवार रात्र

ती. पप्पा व मम्मीस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मी बरी आहे. जेवते, झोपते, स्वेटर घालते. मम्मीने परत विचारू नये. ड्युटीचं तुम्हाला माहीतच आहे.

पप्पा, "पंथ बदललास का?" एवढंच विचारून तुम्ही फोनवर गप्प झालात. नाही बदलला. प्रभुभोजनाच्या रविवारी इथल्या चर्चला जाते, बाकीच्या रविवारी क्वेकर पंथाच्या लोकांकडे. वाईट लोक नाहीत हो ते. आमच्या शेजारचं बोर्नव्हिल गाव ज्या कॅडबरी घराण्याने वसवलं, तेही क्वेकरच. मम्मी, वाढदिवसाला कापडबाजारातून आणायचीस, तीच कॅडबरी!

त्यांची रीत मात्र ऐकाच. पाळक नाही, वेदी नाही, उपदेश नाही. सगळे येऊन बसतात आणि गप्प. पाच मिनिटं नव्हे, तासभर! पहिल्या दिवशी मला वाटलं पाळकसाहेबांना उशीर झालाय, मी आपली दाराकडे बघतेय. कोणाला आतून वाटलंच तर उभं राहून चार शब्द बोलायचे आणि खाली बसायचं. त्यावर वाद नाही, उत्तर नाही. पुन्हा शांतता. कधी तासभरात कोणीच बोलत नाही. शेवटी दोन वडीलधारे हात मिळवतात, की झाली उपासना. मग चहा-बिस्किटं, आणि मघाची मुकी माणसं थांबता थांबत नाहीत.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन नाही, हे मलाही खुपतं. पेटी-तबल्याशिवाय रविवार कसला? पण आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशन सोडून संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' मांडला, हे तुम्हीच कौतुकाने सांगायचात ना?

याकोबाच्या पत्रातलं वचन तुम्ही दहावीच्या पेपराआधी पाठ करून घेतलंत: ज्ञानाने उणा असेल त्याने देवाजवळ मागावं. मी मार्क मागितले आणि उठले. ऐकायला म्हणून कधी बसलेच नाही. क्वेकरांच्या सूचनांच्या पुस्तिकेत ४२ परिच्छेद आहेत. सतराव्यात म्हटलंय, आपलं चुकत असेल हेही शक्य धरा. (हे तुम्हाला उद्देशून नाही, पप्पा.)

संगमनेरच्या स्थळाचं. क्वेकरांत कोणी पेचात असेल तर चारपाच जण त्याच्याबरोबर बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायला मनाई. आपल्या मावश्यांना जमेल? माझ्यासाठी तीन आज्या आणि एक निवृत्त मास्तर बसले. एका आजीने विचारलं, "वडिलांना काय सांगायची भीती वाटते?" मला रडू फुटलं. कोणी समजूत घालेना, नुसते बसून राहिले. राग आला, आणि बरंही वाटलं.

तर सांगते. मुलगा चांगला आहे. पण दोन वर्षांत परत यायचं, ही त्यांची अट आहे, आणि मला यायचंय की नाही तेच मला ठाऊक नाही. इतक्यात होकार कळवू नका.

नाताळच्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले होते, ते उद्या पाठवतेय. मम्मीचा दुसरा डोळा आताच करून घ्या. पहिल्याच्या वेळीही मी नव्हतेच. करंज्या धाकटीला माझ्या वाट्याच्याही द्या, ती खूश होईल. इथे नाताळला ड्युटीचे जास्त पैसे मिळतात, त्यामुळे उलट बरंच आहे.

पप्पा, पुढच्या फोनला गप्प बसलात तरी चालेल. फोन मात्र ठेवू नका.

तुमची,
मोठी