तांब्यापुरतं भंगार : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक

स.न.वि.वि.

सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे मोटारीत नवी वायर भरण्याचं दुकान आहे. जळालेल्या मोटारींतलं तांबं विकता विकता भंगारही खोलायला लागलो. कुठली वस्तू खोलायची आणि कुठली आहे तशीच वजनावर द्यायची, हे आम्हाला रोज ठरवावं लागतं.

आधी चुंबक. चिकटलं की लोखंड, त्यावर वेळ घालवायचा नाही. नाही चिकटलं तर कानशीचा एक ओरखडा. लाल निघालं तर तांबं, पिवळं तर पितळ, पांढरं निघालं तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम. इतकं माहीत असूनही गेल्या वर्षी फसलो. तांब्याच्या आशेने फ्रिजच्या कॉम्प्रेसरची खेप उचलली. कापल्यावर आतली वायर छान तांबूस दिसली. ब्लेडने वार्निश खरवडलं तर खाली पांढरीफटक! अ‍ॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, भाव तर विचारूच नका. कटिंग व्हीलचे पैसेही सुटले नाहीत.

पण फसलो तो माझा तोटा. न परवडणाऱ्या मालाचा तोटा गावाला होतो. जुन्या डबा टीव्हीच्या मानेवरचं तांब्याचं वेटोळं लगेच निघतं, विकलंही जातं. उरते शिसं असलेली जाड काच. ती कुणाला नको, म्हणून नंदिनी नदीच्या काठाने पडते. जाड केबल आम्ही सोलतो. बारीक वायर सोलायला मजुरी परवडत नाही, मग रात्री कुठेतरी पेटते. पीव्हीसीचा धूर तर होतोच, वर जळकं तांबं सोललेल्या लखलखीत तांब्यापेक्षा कमी भावाने जातं. धंद्याच्या हिशेबानेही हा मूर्खपणा आहे. मोबाइलची फुगलेली बॅटरी आली की पेट घेईल या भीतीने मी अजूनही दुकानाबाहेर ठेवतो.

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. त्यात पुनर्चक्रण करणाऱ्या केंद्रांना प्रमाणपत्रं सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या वजनावर मिळतात. म्हणजे कायद्याची नजरही आमच्यासारखीच! काचेचं आणि बारीक वायरीचं कोण बघणार?

२०१७ साली अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवला गेला. दुकानं हलली, माल मात्र शहरात तयार होतच राहिला. २०२७ च्या सिंहस्थात तर तात्पुरत्या दिव्यांची आणि वायरीची रास पडेल. शेवटचं पर्वस्नान आटोपलं की ती कुठे जाणार, हे आत्ताच निविदेत लिहा. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राची वजनपावती दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.

दुसरी मागणी लहान आहे. सातपूर-अंबड भागात एका शेडमध्ये वायर सोलायचं एक सामाईक यंत्र बसवा, आम्ही किलोमागे भाडं देऊ. त्याच शेडमध्ये टीव्हीची काच, सीएफएल दिवे आणि फुगलेल्या बॅटऱ्या किलोवर विकत घ्या. दर अगदी थोडा चालेल. घंटागाडीत फुकट टाकायला सांगाल तर आमच्या हातचा माल तिथवर पोहोचणार नाही. इथे जे वजनकाट्यावर चढतं तेवढंच जपलं जातं.

जागा दाखवायला आणि निविदेच्या अटी बघायला बोलावलंत तर येईन. सोमवार सोडून कधीही, सोमवारी दुकानात मोटारींची रांग असते.

आपला,
सातपूरचा एक रिवाइंडिंगवाला