तक्रार: डेंगीची न केलेली आयजीएम तपासणी आणि स्मिअर (रक्ताची रंगवलेली काचपट्टी) न बघता दिलेला प्लेटलेटचा आकडा

प्रति,
मुख्य पॅथॉलॉजिस्ट व ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमच्या कोथरूडच्या दवाखान्यातून तुमच्याकडे पाठवलेल्या एका रुग्णाच्या अहवालाबद्दल ही लेखी तक्रार आहे. मागणीपत्रावर 'तापाचा सहावा दिवस' असं स्पष्ट लिहून एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन, म्हणजे प्रतिजन) आणि आयजीएम (त्याविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं), दोन्ही तपासण्या एलायझा (प्रयोगशाळेत रंगबदल मोजून करायच्या) पद्धतीने मागितल्या होत्या. पैसे दोन्हींचे घेतलेत. अहवालात मात्र एकच ओळ आली, 'डेंगी एनएस१: निगेटिव्ह'. पद्धत कुठेच छापलेली नाही. फोन केल्यावर कळलं की रॅपिड कार्ड (काही मिनिटांत निकाल देणारी पट्टी) वापरलं आणि आयजीएम केलंच नाही.

सहाव्या दिवशी नुसत्या एनएस१ निगेटिव्हवरून डेंगी नाही असं म्हणता येत नाही. एनएस१ हे प्रतिजन तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडतं आणि पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. आधी एकदा डेंगी होऊन गेलेल्या रुग्णात ते हाती न लागण्याची शक्यता आणखी जास्त. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. म्हणूनच कीटकजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पाच दिवसांपर्यंत एनएस१ एलायझा, पुढे आयजीएम एलायझा असा क्रम आहे, आणि कार्डावर पॉझिटिव्ह आलेला रुग्णही तिथे 'संभाव्य'च धरतात. आयजीएमचे किट देशभरातल्या सेंटिनल (रोगावर पाळत ठेवणाऱ्या) रुग्णालयांना पुरवणारी एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) याच पुण्यात आहे. इथल्या प्रयोगशाळेने ती तपासणी न कळवता गाळावी, हे आम्हाला अजिबात मान्य नाही. दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेऊन दुसरीकडे आयजीएम एलायझा करून घेतली. ती पॉझिटिव्ह आली.

प्लेटलेटची चूक याहून गंभीर आहे. तुमच्या अहवालात ४१,००० आकडा होता. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, रुग्ण खातोपितो आहे. तरी तो आकडा वाचून नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्या शोधायला ब्लड बँकेत पोचले. आम्ही त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतलं, या वेळी सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) निळ्या झाकणाच्या नळीत. मशीनवर १,२०,००० आले. सायट्रेटच्या द्रवाने रक्त पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, म्हणजे १,३२,०००. थोड्या कमीच, पण ४१,००० नव्हेत.

कारण ओळखीचं आहे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) जांभळ्या नळीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुठळ्या मोजत नाही. नमुना जितका रेंगाळेल तितकं हे वाढतं. नळी खुणेच्या वर भरली, किंवा रक्त घेतल्या घेतल्या ८ ते १० वेळा अलगद उलटीसुलटी केली नाही, तर बारीक गाठी होऊन हाच घोळ होतो. नळीवर रक्त घेतल्याची वेळ सकाळी ८.१० लिहिली होती. फोनवर तुमच्याच माणसाने सांगितलं की मशीनवर नमुना लागला दुपारी ३.४० ला. साडेसात तास! छापील अहवालात मात्र 'नमुना घेतला' आणि 'नमुना मिळाला' यांची वेळ एकच आहे. मशीनने गुठळ्यांची सूचना दिली होती का, हे विचारलं. उत्तर मिळालं नाही. एक काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड पाहिली असती, तर गुठळ्या तिथेच दिसल्या असत्या.

शिवाय डेंगीत आम्ही फक्त प्लेटलेट बघत नाही. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) मूळ पातळीपेक्षा २० टक्के चढला तर रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव) झिरपतोय असं समजून सलाईनचा निर्णय घ्यावा लागतो. नमुन्यात गाठी झाल्या असतील तर तोही आकडा भरवशाचा राहत नाही.

आमच्या मागण्या अशा: न केलेल्या आयजीएमचे आणि एलायझाच्या दराने आकारलेल्या कार्डाचे जादा पैसे रुग्णाला परत करा आणि पद्धत व खऱ्या वेळा छापून सुधारित अहवाल द्या. यापुढे १ लाखाखालचा प्लेटलेटचा कोणताही आकडा स्मिअर पाहून, तशी नोंद करूनच सोडा. कोथरूडहून नमुने नेण्याची दुपारपर्यंत एकच फेरी होते. पावसाळ्यात ती किमान दोनदा करा. मागितलेली तपासणी बदलायची असेल तर आधी फोन करा. कार्ड चालेल की नाही ते आम्ही त्या रुग्णापुरतं सांगू.

१५ दिवसांत लेखी उत्तर हवं आहे. तोपर्यंत तापाच्या रुग्णांचे नमुने तुमच्याकडे पाठवणं थांबवलं आहे.

सोबत: मागणीपत्र, पावती व दोन्ही प्रयोगशाळांचे अहवाल यांच्या प्रती.

आपले,
दवाखान्यातील डॉक्टर व तंत्रज्ञ
कोथरूड, पुणे